क्लॅम्पच्या परांचीवर बॅटरीचा इम्पॅक्ट रेंच: नट पळवायचा कसा आणि थांबवायचा कुठे

पाइप-क्लॅम्पच्या परांचीवर बॅटरीचा इम्पॅक्ट रेंच (ठोके देत नट फिरवणारं मशीन) आता बऱ्याच साइटवर दिसतो. त्याबरोबर दोन चुकाही दिसतात. पहिली म्हणजे मशीन जोरात टकटकलं की नट पक्का झाला असं धरून पुढच्या क्लॅम्पकडे जाणं. दुसरी म्हणजे खोक्यावर ३०० न्यूटन-मीटर (नट फिरवण्याच्या जोराचं माप) लिहिलंय तर तितकी ताकद वापरलीच पाहिजे असं समजणं. दोन्ही चुकांचं मूळ एकच. इम्पॅक्ट रेंच नट पळवतो, ताण मोजत नाही. मोजायचं काम टॉर्क रेंचचं, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘टक’ करणाऱ्या पान्याचं आहे. पुढची सगळी पद्धत या कामाच्या वाटणीवर उभी आहे.

हा लेख ४८.३ मिमी बाहेरील व्यासाचे पोलादी पाइप आणि नट-बोल्टचे फिक्स (काटकोनात धरणारे) व स्विव्हल (कुठल्याही कोनात फिरणारे) क्लॅम्प वापरून बांधलेल्या परांचीसाठी आहे. कपलॉकसाठी, म्हणजे कपांनी जुळणाऱ्या तयार परांचीसाठी नाही. कपलॉकचा वरचा कप हातोडीच्या ठोक्याने फिरवून बसवतात, तिथे या मशीनला कामच नाही. तळाच्या जॅकचा पंख्यासारखा मोठा नटही हातानेच फिरवायचा. परांची कशी आखायची, लिफ्ट (परांचीचा एक मजला) किती उंचीची, टाय (परांची इमारतीशी बांधणारे दुवे) कुठे घ्यायचे, हे ड्रॉइंग आणि तुमचा इंजिनीअर ठरवेल. इथे फक्त नट आवळण्याचं आणि सोडण्याचं बोलू.

१. आधी आकडा ठरवा

क्लॅम्पची सगळी पकड घर्षणाची असते. पाइपला भोक नाही, खाच नाही, वेल्डिंग नाही. क्लॅम्पच्या दोन जबड्यांनी पाइप जितका घट्ट धरला तितकाच भार तो पेलतो. ब्रिटनमधल्या प्रचलित हिशेबात अ-वर्गाच्या फिक्स क्लॅम्पवर साधारण ६.१ किलोन्यूटन, म्हणजे ६२० किलोच्या आसपास भार धरतात. पण नट ठरलेल्या ताणाला आवळलेला असेल तरच.

ठरलेला ताण म्हणजे किती? युरोपीय मानक ईएन ७४-१ मध्ये स्क्रू क्लॅम्पची चाचणी ५० न्यूटन-मीटरला होते आणि बहुतेक उत्पादकही हाच आकडा देतात. तुमचे क्लॅम्प आयएस २७५० या भारतीय मानकानुसार बनवलेले असतील, तर पुरवठादाराकडून आवळण्याचा आकडा लेखी मागून घ्या. तो ५० पेक्षा वेगळा निघाला, तर पुढे जिथे ५० लिहिलंय तिथे तुमचा आकडा वाचा.

हाताला ५० न्यूटन-मीटर म्हणजे किती ते एकदा कळलेलं बरं. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर लावला की तेवढं होतं. अंगाने मध्यम फिटर एका हाताने हे सहज करतो. म्हणजे हा आकडा मुळात फार मोठा नाही. अर्धा इंची बॅटरी रेंचची कमाल ताकद मॉडेलनुसार २०० ते ४०० न्यूटन-मीटर किंवा त्याहूनही जास्त असते. मशीन कमी पडेल ही भीती सोडून द्या. इथे प्रश्न ते वेळेवर थांबण्याचा आहे.

खच्चून आवळल्याने पकड वाढते हा समज साइटवर फार चिवट आहे. प्रत्यक्षात टी-बोल्ट (क्लॅम्पचा टी आकाराच्या डोक्याचा बोल्ट) ताणला जातो, आटे मरतात, झाकणाच्या बिजागरीला तडा जातो, पातळ भिंतीचा पाइप दबतो. वाईट म्हणजे यातलं काहीच त्या दिवशी दिसत नाही. ताणलेला बोल्ट पुढच्या साइटवर, पुढच्या आवळणीत दगा देतो.

२. मशीन, गोटी, टॉर्क रेंच

मशीन घेताना कमाल ताकद हा शेवटचा निकष ठेवा. आधी पाहायचं ते हे:

– किमान तीन ताकदीच्या पायऱ्या आहेत का, आणि पहिली पायरी खरोखर हलकी आहे का.
– ट्रिगर दाबावा तसा वेग हळूहळू वाढतो का.
– उलट फिरवताना नट सैल झाला की आपोआप थांबण्याची सोय आहे का. उकलताना ही फार कामाची.
– दोरी अडकवायला उत्पादकाने दिलेली कडी किंवा ठरवून दिलेली जागा आहे का.
– बॅटरीसकट वजन किती. दिवसभर खांद्याच्या उंचीवर धरायचं आहे. दोन किलोच्या आत असेल तर उत्तम.

इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि इम्पॅक्ट रेंच यांत गल्लत करू नका. स्क्रू मारायच्या ड्रायव्हरला पाव इंची षट्कोनी टोक असतं. त्याला अडॅप्टर लावून वर गोटी (नटावर बसणारं सॉकेट) बसवण्याचा जुगाड सर्रास चालतो. ते बारीक अडॅप्टर मध्येच तुटतं आणि गोटी खाली जाते. अर्धा इंची चौकोनी टोकाचंच मशीन घ्या.

गोटी इम्पॅक्टचीच हवी. ती काळी, जाड भिंतीची आणि आत सहा कोनांची असते. चकचकीत क्रोमची हातपान्याची गोटी ठोक्यांनी तडकते आणि तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. खोल गोटी घ्या. क्लॅम्प आवळला की टी-बोल्टचं टोक नटाच्या बरंच बाहेर येतं. उथळ गोटी बोल्टच्या टोकावर टेकते, नटाला अर्धवट धरते आणि कोपरे खाते.

गोटीचं माप नट मोजूनच ठरवा. भाड्याच्या मालात सगळी सरमिसळ असते. ब्रिटिश पद्धतीच्या क्लॅम्पचा नट २१ मिमीच्या जवळ बसतो, युरोपीय क्लॅम्पवर २२ किंवा १९ मिमी आढळतो. २१ च्या नटावर २२ ची गोटी फिरते खरी, पण दहा-वीस आवळणीत नट गोल होतो आणि उकलताना हॅक्सॉ शोधावा लागतो. एका साइटवर एकाच मापाचा माल ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मशीनच्या टोकावर गोटी कशी अडकते तेही पाहा. फक्त स्प्रिंगच्या रिंगवर धरलेली गोटी ओढली की निघते. जमिनीवर ती चालते. उंचीवर आरपार पिन आणि त्यावर रबरी रिंग असलेली गोटीच वापरा.

टॉर्क रेंच २० ते १०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्याचा घ्या. गॅरेजमध्ये मिळणारा ४० ते २०० चा रेंच इथे खालच्या टोकाला येतो. तिथे त्याचा भरवसा कमी असतो, शिवाय पुढच्या चाचणीत ३० चा आकडा लावायचा आहे, तो त्यावर लागणारच नाही. या रेंचने नट कधीही सोडायचा नाही. काम संपलं की आकडा सर्वांत खाली आणून डब्यात ठेवायचा.

> थांबा, तपासा: मशीन, मापाची इम्पॅक्ट गोटी, टॉर्क रेंच आणि साधा रॅचेट पाना, हे चारही हाताशी आहेत? मशीन आलं म्हणून हातपाने गोदामात परत पाठवले असतील तर आधी ते मागवा.

३. मशीनला जिथे मज्जाव आहे

तुर्भे, माहुल, तळोजा, पाताळगंगा या पट्ट्यात शटडाउनची (प्लांट बंद ठेवून होणाऱ्या दुरुस्तीची) परांची बांधणाऱ्यांसाठी हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. बॅटरीचा रेंच म्हणजे ठिणगीचं साधन. मोटर ब्रशलेस आहे म्हणून ते ज्वालाग्राही वायूच्या जागी सुरक्षित होत नाही. स्विच आहे, बॅटरीचे संपर्क आहेत, आत लोखंडावर लोखंड आपटतंय. रिफायनरीत किंवा सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये ते चालवायचं तर हॉट वर्क परमिट (ठिणगी उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी) आणि वायूची तपासणी लागते. परमिट कोल्ड वर्कचं असेल तर मशीन गेटबाहेरच ठेवायचं. ‘दोनच नट आहेत, पटकन मारतो’ हे इथे चालत नाही. अशा जागी काय करायचं हे प्लांटचा सेफ्टी अधिकारी सांगेल, ठेकेदाराचा मुकादम नाही.

दुसरा मज्जाव पावसाचा. बहुतेक बॅटरी रेंच धूळ-शिंतोडे थोडे सोसतात, पण कोकणातला आडवा पाऊस त्यांच्यासाठी नाही. ओल्या हातमोज्यातून मशीन निसटतंही लवकर. पाऊस सुरू झाला की मशीन पिशवीत आणि काम हातपान्यावर, किंवा काम बंद.

तिसरी जागा म्हणजे अॅल्युमिनियमचा पाइप. त्यावर मशीन नकोच.

४. क्लॅम्पची छाननी जमिनीवर

हातपान्याने आवळताना खराब क्लॅम्प हाताला कळतो. नट अडतो, आटे कुरकुरतात, झाकण वाकडं बसतं. मशीन हे सगळं गिळून टाकतं. वाकड्या आट्यांवरूनही ते नट रेटून नेतं आणि वर टकटक ऐकवून सगळं ठीक असल्याचं भासवतं. म्हणून मशीन वापरणार असाल तर छाननी आधीपेक्षा कडक हवी.

प्रत्येक क्लॅम्प हातात घ्या. नट बोटांनी फिरवून बोल्टच्या तळापर्यंत नेता आला पाहिजे. जिथे अडेल तिथे तारेच्या ब्रशने आटे साफ करा, हलकं तेल लावा, पुन्हा फिरवा. तरीही अडला तर तो क्लॅम्प बाजूला. बिजागरीची पिन, झाकणाचा वाक, टी-बोल्टचं डोकं, वॉशर पाहा. टी-बोल्टचे आटे एका जागी आखडल्यासारखे किंवा लांबल्यासारखे दिसले, तर तो ताणलेला आहे. तो परत वापरायचा नाही. टाकाऊ क्लॅम्पवर लाल रंग मारा. नुसते बाजूला टाकले तर संध्याकाळी ढिगात परत जातात.

तेलाबद्दल एक गोष्ट. तेल लावलेला आणि गंजलेला बोल्ट मशीनखाली सारखे वागत नाहीत. तेवढ्याच वेळात तेलाचा बोल्ट जास्त ताणला जातो आणि गंजलेला कमी. एका खेपेत सगळे क्लॅम्प एकसारखे साफ आणि एकसारखे तेल लावलेले ठेवा, नाहीतर पुढच्या टप्प्यातला अंदाज कुचकामी ठरेल.

पाइपवरचा सिमेंटचा थर, रंगाचे पापुद्रे, ग्रीस, जिथे क्लॅम्प बसणार तिथे तरी खरवडून काढा. सिमेंटच्या खड्यावर बसलेला क्लॅम्प टॉर्क रेंचवर बरोबर आकडा दाखवतो. दोन दिवसांनी खडा चुरतो आणि क्लॅम्प ढिला पडतो.

५. मशीनचा अंदाज बांधणे

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात. तो केला नाही तर मशीन वापरण्याला अर्थ नाही.

जमिनीवर पाइपचे दोन तुकडे काटकोनात ठेवा. साइटवरच्याच ढिगातले दहा क्लॅम्प घ्या. मशीन पहिल्या, हलक्या पायरीवर ठेवा आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावा.

(अ) नट हाताने दोन-तीन आटे बसवा. मग मशीन लावा. नट सरसर पळेल आणि टेकताच टकटक सुरू होईल. टकटक सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ट्रिगर सोडा.

(आ) टॉर्क रेंच ३० वर लावून नटावर ओढा. नट न हलता ‘टक’ झालं, तर मशीनने निदान ३० च्या आसपास आणलाय.

(इ) आता रेंच ५० वर लावा आणि सावकाश ओढा. ‘टक’ होण्याआधी नट थोडासा हलला पाहिजे. हलला तर मशीन ५० च्या आत थांबलंय. आपल्याला नेमकं हेच हवं आहे.

(ई) ५० वर नट अजिबात न हलता लगेच ‘टक’ झालं तर खूश होऊ नका. टॉर्क रेंच फक्त ‘एवढा तरी आहे’ एवढंच सांगतो. आत ५५ आहे की १५०, हे तो सांगत नाही. मशीन किती पुढे गेलंय ते पाहायला नटापासून झाकणापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा. नट पाव फेरा सोडा आणि टॉर्क रेंचने पुन्हा ५० ला आवळा. नटावरची रेघ झाकणावरच्या रेघेच्या अलीकडेच थांबली तर मशीनने जास्त आवळलं होतं. दोन रेघा जुळल्या तर बरोबर होतं. पुढे गेली तर कमी होतं.

दहाही क्लॅम्पवर हे करा. सगळे ३० आणि ५० च्या मध्ये पडेपर्यंत ट्रिगरचा वेळ कमी-जास्त करा. पहिल्या पायरीवरसुद्धा अर्ध्या सेकंदात ५० ओलांडत असेल, तर ते मशीन या कामाला जड आहे. त्याने नट फक्त पळवायचा आणि पहिल्या ठोक्याला सोडून द्यायचा.

मशीन ३० ते ५० च्या मध्ये सोडून शेवटचं आवळणं हाताने का, असा प्रश्न फिटर विचारतात. कारण सरळ आहे. कमी आवळलेला नट टॉर्क रेंचने पुढे नेता येतो. जास्त आवळलेल्या बोल्टचा ताण परत आत घालता येत नाही. वेळही फारसा जात नाही. मशीनने वाचवलेला वेळ नट पळवण्यातला असतो, शेवटच्या पाव फेऱ्यातला नाही.

मशीन बदललं, गोटी बदलली, एक्स्टेन्शन लावलं, क्लॅम्पची नवी खेप आली की हा अंदाज पुन्हा बांधायचा. लांब एक्स्टेन्शन आणि वळणारा सांधा ठोक्यांची ताकद खातात. बॅटरी संपत आली की काही मशीन मंदावतात. आणि एकाचा अंदाज दुसऱ्याला लागू पडत नाही. ज्याच्या हातात मशीन, त्याने स्वतः दहा क्लॅम्प मारायचे.

> इशारा: सवयीचा हात काही तासांनी घसरतो. जेवणाच्या सुट्टीनंतर चालू कामातले दोन-तीन नट परत ३० आणि ५० वर तपासा.

६. वर चढण्याआधी बांधाबांध

दोन किलोचं मशीन दहा मीटरवरून खाली आलं तर हेल्मेट पुरत नाही. मशीनला दोरी हवीच. ती मशीनच्या वजनाला प्रमाणित असावी आणि कडीलाच अडकवलेली असावी. मुठीभोवती गुंडाळलेली सुतळी म्हणजे दोरी नव्हे. हलकं मशीन कमरेच्या पट्ट्याला चालतं. साधारण सव्वादोन किलोच्या वरचं मशीन अंगाला न बांधता परांचीच्या पक्क्या, पूर्ण आवळलेल्या पाइपला बांधा. पडताना बसणारा झटका माणसाला तोल जाण्याइतका असतो. सुरक्षा पट्ट्याच्या हुकात हत्याराची दोरी अडकवू नका. तो हुक माणसासाठी आहे.

बॅटरी हे विसरलं जाणारं वजन आहे. मशीनला दोरी असते, पण खटका नीट न बसलेली बॅटरी एकटीच सुटते. लावल्यावर ‘खट’ आवाज ऐका आणि ओढून पाहा. बदलायची वेळ आली तर फळीवर बसून, पिशवीच्या आत हात ठेवून बदला. सुट्या गोट्या खिशात नाहीत, चेनच्या पिशवीत.

हातमोजे बोटांना घट्ट बसणारे हवेत. सैल सुती हातमोजा किंवा गळ्यातला पंचा फिरत्या गोटीत गुंडाळला जातो. कानात प्लग हवेत. पोलादी पाइपवर ठोके पडताना आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. चष्मा हवाच, कारण नटावरचा गंज सुटून थेट वर येतो, आणि तिथे वाकलेला असतो तुमचा चेहरा.

७. बांधणीचा क्रम

बेसप्लेट आणि त्याखालची लाकडी फळी, उभे पाइप, तळाचे आडवे, ट्रान्सम (फळ्यांखालचे आडवे पाइप), तिरके, टाय हा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. मशीन आल्याने तो बदलत नाही. बदलतो तो प्रत्येक गाठीवरचा आवळण्याचा क्रम. तो असा:

पहिलं, फिक्स क्लॅम्पचा उभ्या पाइपवरचा जबडा बसवा. टी-बोल्ट झाकणाच्या खाचेत पूर्ण आत आणि सरळ आला पाहिजे. खाचेच्या कडेवर अर्धवट टेकलेला बोल्ट हा मशीनवाल्यांचा खास दोष आहे. मशीन त्याला तशाच अवस्थेत आवळतं, आणि भार आला की तो सटकतो. नट बोटांनी दोन-तीन आटे फिरवल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. वाकडा लागलेला नट मशीन एका सेकंदात कायमचा वाकडा करतं.

दुसरं, हा जबडा मशीनने हलका धरवा. ठोका सुरू होताच सोडा.

तिसरं, आडवा पाइप क्लॅम्पच्या खोबणीत वरून ठेवा. म्हणजे पाइप क्लॅम्पवर टेकतो आणि झाकण वरून येतं. ४ मिमी भिंतीचा ६ मीटर पाइप २६ किलोचा असतो. एका हाताने पाइप आणि दुसऱ्या हाताने मशीन असं करू नका. पाइप धरणारा वेगळा आणि मशीनवाला वेगळा.

चौथं, दुसऱ्या जबड्याचा नट हाताने लावा आणि मशीनने हलका धरवा.

पाचवं, ओळंबा आणि पाणसळ पाहा. उभा पाइप ओळंब्यात आणि आडवा सपाटीत येईपर्यंत कुठलाही नट पूर्ण आवळायचा नाही. मशीन हातात असलं की हे मागे पडतं. गाठ पटकन पक्की होते, मग तिरकेपणा दिसतो, आणि गडी हातोडीने पाइप ठोकून सरळ करू पाहतो. अशा ठोकलेल्या गाठीचा ताण पुन्हा मोजावा लागतो.

सहावं, सगळं जागेवर आल्यावर त्या लिफ्टचे नट मशीनने ३० ते ५० च्या मधल्या अंदाजाला आणा आणि पाठोपाठ टॉर्क रेंचने ५० वर ‘टक’ करा. ‘टक’ झालेल्या नटावर पेंट मार्करची रेघ नटापासून झाकणापर्यंत मारा. रेघ नाही म्हणजे तो नट ढिलाच धरायचा. हलका धरवून ठेवलेला आणि मग विसरलेला नट हा या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका आहे, आणि या रेघेशिवाय तो खालून दिसत नाही. पुढे नट फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, हा वरचा फायदा.

स्विव्हल क्लॅम्पवर, म्हणजे तिरक्यांवर, मशीन जपून चालवा. त्याच्या मधल्या पिनवर ठोक्यांचा हादरा जातो आणि दुसरा जबडा फिरून बोटं चिमटतो. आधी दोन्ही जबडे हाताने बसवा, मगच मशीन. तिरक्याचा क्लॅम्प गाठीपासून ३० सेंमीच्या आत आहे ना, हे आवळण्याआधी पाहा, नंतर नाही.

वरच्या लिफ्टवर जाण्याआधी खालच्या लिफ्टच्या सगळ्या गाठींवर रेघ हवी. एक जण पुढे मशीनने धरवत जातो आणि दुसरा दोन लिफ्ट मागून टॉर्क रेंच घेऊन येतो, ही वेगवान दिसणारी पद्धत थांबवा. त्यात माणसं ढिल्या परांचीवर उभी असतात.

> थांबा, तपासा: मशीन हातातून ठेवताना किंवा दुसऱ्याला देताना उलट-सुलट फिरवायचं बटण मधल्या, बंद जागी आहे का? पुढच्याने घाईत उलट दिशेला ट्रिगर दाबला तर आवळलेला नट सुटतो.

८. हाताचा हिशेब

कंपनाबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. युरोपीय नियमात हाताला बसणाऱ्या कंपनाची आठ तासांची सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाला गेली की मालकाने उपाय करायचे, आणि ५ ही कमाल मर्यादा. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा असतो. तो १० असेल तर प्रत्यक्ष ट्रिगर दाबलेला अर्धा तास झाला की पहिली पातळी गाठली जाते आणि दोन तासांत कमाल मर्यादा. आकडा दुप्पट झाला तर वेळ चौथाई होतो.

हा वेळ ठोक्यांचा आहे, मशीन पट्ट्याला लटकत असल्याचा नाही. बांधणीत प्रत्येक नटाला सेकंदभर ठोके पडत असतील तर हिशेब बराच खाली राहतो. अडचण उकलताना येते, जिथे गंजलेल्या प्रत्येक नटावर दहा-दहा सेकंद ठोके मारले जातात. बोटांची टोकं पांढरी पडणं, झिणझिण्या, रात्री बधिरपणा ही लक्षणं दिसली की त्या माणसाकडून मशीन काढून घ्या आणि डॉक्टरांकडे पाठवा. दोघांनी आळीपाळीने मशीन चालवलं तर हे लवकर येत नाही.

९. तपासणी

ताब्यात देण्याआधी रेघा नीट बघा, पण नुसत्या रेघांवर जाऊ नका. टाय, तळाच्या गाठी, तिरके आणि माल ठेवायच्या बे (उभ्या पाइपांमधले गाळे) यांतला प्रत्येक नट टॉर्क रेंचने तपासा. बाकीच्यांतले काही कुठूनही निवडा. निवडलेल्यांत एकही कमी निघाला तर त्या लिफ्टचे सगळे. तपासणारा माणूस आवळणाऱ्यापेक्षा वेगळा असावा.

ब्रिटनमध्ये २००५ च्या उंचीवरील कामाच्या नियमांनुसार परांचीची दर सात दिवसांच्या आत तपासणी लागते. आपल्याकडेही तीच लय धरलेली चांगली. जोराचं वारं, पाऊस, क्रेनचा धक्का, कुणी टाय काढून पुन्हा लावणं, यानंतर वेगळी तपासणी. तपासताना इम्पॅक्ट रेंच वर न्यायचाच नाही. ‘प्रत्येक नटाला एक झटका देऊन टाक’ ही तपासणी नव्हे. तो बरोबर आवळलेल्या नटांना जास्त आवळण्याचा कार्यक्रम आहे.

१०. उकलताना

मशीनने बांधणीपेक्षा उकलणं जास्त धोक्याचं केलं आहे. हातपान्याने एक क्लॅम्प सोडायला वेळ लागायचा, तेवढ्यात माणूस काय सोडतोय ते बघायचा. आता ट्रिगर दाबला की क्लॅम्प सुटलेला असतो.

– बांधणीच्या उलट क्रमाने, वरून खाली, एका वेळी एकच लिफ्ट. दोन टोकांना दोन मशीन एकाच वेळी नकोत.
– त्या लिफ्टचा टाय आणि तिरके तिथे पोहोचेपर्यंत सोडायचे नाहीत. ‘हाताशी आहे तर सोडून ठेवतो’ म्हणून आधीच ढिले केलेले टाय हे परांची कोसळण्याचं जुनं कारण आहे.
– आडव्या पाइपला दोन माणसांनी धरल्याशिवाय शेवटच्या क्लॅम्पच्या नटाला मशीन लावू नका.
– नट पूर्ण काढू नका. टी-बोल्ट खाचेतून बाहेर फिरेल इतकाच सैल करा. सुटे नट वर पाय घसरवतात आणि खाली डोकी फोडतात.
– क्लॅम्प पोत्यात भरून दोरीने उतरवा. वरून टाकलेला क्लॅम्प वाकतो आणि पुढच्या वेळी मशीन तो वाक लपवतं.

न सुटणाऱ्या नटाला मशीन पुन्हा पुन्हा लावू नका. पाच सेकंदांत हलला नाही तर गंज सोडवणारं तेल मारून पुढे जा आणि थोड्या वेळाने परत या. तरीही नाही तर हातपाना. तरीही नाही तर बोल्ट कापून क्लॅम्प भंगारात. कापायला ग्राइंडर लागणार असेल तर परमिट पुन्हा पाहा.

११. संध्याकाळी

बॅटरी काढा, मग मशीन पुसा. हवेच्या जाळ्यांतली सिमेंटची धूळ ब्रशने काढा. चौकोनी टोकाचे कोपरे गोल झालेत का, गोटी डगमगते का, गोटीला केसाइतकी तरी भेग आहे का, ते पाहा. भेगेची गोटी फेकून द्या.

उन्हात राहिलेली बॅटरी लगेच चार्जरवर नको. लिथियम बॅटरी साधारण ४०-४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पत्र्याच्या शेडमधलं तापमान याहून वर जातं. सावलीत, हवेशीर जागी थंड होऊ द्या. संपर्कांवर झाकण लावून ठेवा. सुट्या नट-बोल्टांच्या डब्यात उघडी बॅटरी टाकली तर शॉर्ट होते. उंचावरून पडलेली, फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी चार्जरला लावायची नाही, वेगळी ठेवून पुरवठादाराकडे परत द्यायची.